व्होर्टेक्स १०: माळढोकासारख्या प्रजातीचा आराखडा करायला कितपत कामाचं?

प्रजाती वाचवण्याचा आराखडा करायला वनखातं, अभ्यासक आणि गावकरी एकत्र बसले की एक वाद हमखास होतो: पैसा अंडी-पिल्लांवर घालायचा, की मोठी जनावरं मरतात ते थांबवायला? या वादाला आकड्यांचा आधार देणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्होर्टेक्स (इथे त्याची १० वी आवृत्ती). शिकागो झूलॉजिकल सोसायटीतल्या रॉबर्ट लेसी यांनी ते घडवलं. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक संघटनेचा कन्झर्व्हेशन प्लॅनिंग स्पेशालिस्ट ग्रुप आपल्या नियोजन-बैठकांत ते अनेक वर्षं वापरत आला आहे. गीरच्या सिंहांसाठी १९९३ मध्ये वडोदऱ्याला अशीच बैठक झाली होती.

व्होर्टेक्स सरासरीवर थांबत नाही. प्रत्येक जीव वेगळा धरून, तो या वर्षी वीण करेल का, जगेल का, हे दिलेल्या शक्यतांनुसार ठरवतो आणि तोच खेळ शेकडो फेऱ्या चालवतो. जिथे पन्नास-शंभरच जीव उरलेत तिथे नशिबाचा वाटा मोठा असतो, म्हणून हीच पद्धत योग्य.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून आपल्या ओळखीच्या झालेल्या माळढोक पक्ष्याचं उदाहरण घेऊ. पुढचे आकडे मोजलेले नाहीत, फक्त सरावासाठी धरलेत. मादी एका वेळी एकच अंडं घालते. वर्षाला निम्म्या माद्यांचं पिल्लू उडण्याच्या वयाला पोचतं, वीण तिसऱ्या वर्षापासून, पहिल्या वर्षीची मर ४० टक्के, त्यानंतर दरवर्षी १० टक्के. कमाल वय ५०, म्हणजे मर्यादा जवळजवळ नाहीच. संख्या वर्षाला सुमारे १.७ टक्क्यांनी वाढते. आता विजेच्या तारांमुळे मोठ्यांची मर १५ टक्के झाली असं धरा: वाढ जाऊन ३.४ टक्के घट येते. तारा तशाच ठेवून पिल्लांची मर ३० टक्क्यांवर आणली तरी १.९ टक्के घट राहतेच. संथ वीण असलेल्या पक्ष्याचं हेच दुखणं आहे, आणि तारा जमिनीखाली नेण्याचा आग्रह का धरायचा ते इथे दोन मिनिटांत दिसतं.

सावधगिरीचा धडाही याच उदाहरणात आहे. कमाल वय ५० ऐवजी २० भरा, बाकी काही बदलू नका, १.७ टक्क्यांची वाढ ०.४ वर येते. हा रकाना लोक अंदाजाने भरून पुढे जातात. म्हणून फेऱ्या चालवण्याआधी नशीब बाजूला ठेवून काढलेला वाढीचा दर उघडून पाहायचाच. प्रत्यक्षात शक्य नाही असा दर दिसला तर आकडे परत तपासा.

सगळ्यात जास्त चुका आपत्तीच्या रकान्यात होतात. तिथे तीव्रता म्हणून नुकसान भरायचं नसतं, उरलेला वाटा भरायचा असतो: १ म्हणजे काहीच परिणाम नाही, ० म्हणजे सगळं संपलं. दुष्काळात जगण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी घटतं म्हणून ०.२५ भरलं, की कागदावर प्रजाती उगाचच नामशेष होते. भरायला हवं ०.७५. दुसरी चूक पिल्लांच्या मोजणीची. पिल्लं उडताना मोजली असतील तर पहिल्या वर्षीची मरही तिथूनच धरायची, नाहीतर घरट्यातली मर दोनदा वजा होते. तिसरी वर्षागणिक चढउताराची. तिथे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) मागतात. थोड्याच जिवांवरून काढलेला चढउतार जसाच्या तसा भरला तर योगायोगाचा भाग दोनदा मोजला जातो, कारण तो व्होर्टेक्स स्वतः धरतच असतो.

अंतःप्रजननाच्या, म्हणजे जवळच्या नात्यातल्या विणीच्या, तोट्यासाठी आधीपासून ६.२९ लीथल इक्विव्हॅलंट (हा तोटा मोजायचं एकक) भरलेले असतात. आपल्या प्रजातीची स्वतंत्र माहिती नसेल तर ते राहू द्यावेत. हा भाग बंद केला की लहान संख्येचं चित्र खोटं गोड दिसतं.

उणिवा आहेत. सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, आणि हजारो जिवांची संख्या घेतली की फार मंदावतं. हस्तपुस्तिका जाड आहे, पण उत्तम. ती टाळून चालणार नाही. अधिवास किती उरेल हे ते सांगत नाही, धारणक्षमता, म्हणजे तिथे जास्तीत जास्त किती जीव राहू शकतात तो आकडा, आपणच द्यायची. ‘शंभर वर्षांत नामशेष होण्याची शक्यता ३७ टक्के’ असला आकडा सुटा उचलून बातमीत देणं तर घातकच. एका उपायाने ती शक्यता दुसऱ्यापेक्षा किती कमी होते, तेवढंच या आकड्यांवरून बोलावं.

बैठकीत वापरायचं तर मूळ प्रारूप (सगळे आकडे भरलेलं मॉडेल) आधीच तयार करून न्या. १० फेऱ्यांत चुका शोधा, अंतिम निकालासाठी ५०० ते १००० चालवा. संवेदनशीलता-चाचणीत मोठ्यांची मर, पिल्लांची मर आणि विणीचं प्रमाण एकेक करून बदलून पाहा. प्रत्येक आकडा मोजलेला, जवळच्या प्रजातीवरून घेतलेला की निव्वळ अंदाजाचा, हे त्याच्यासमोर मराठीत लिहून भिंतीवर लावा. मेंढपाळ किंवा वनरक्षक त्यातला एखादा आकडा खोडून काढतील तेव्हा तो लगेच बदलून त्यांच्यासमोरच नवा निकाल दाखवा.