सगळे दाखले खरे, गाडी मात्र खोटी

मला विकलेल्या गाडीचा एकही कागद बनावट नव्हता. हे आधीच सांगते, कारण जुन्या गाडीत फसवणूक म्हटलं की खोटे शिक्के आणि खाडाखोड केलेली सर्व्हिस बुकं डोळ्यांपुढे येतात. इथे सरकारी तपासणीचे चारही दाखले अस्सल होते, तारखा बरोबर होत्या, किलोमीटरचे आकडे दरवर्षी शिस्तीत चढत होते. त्याच शिस्तीच्या जोरावर विक्रेत्याने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पिळून निघालेली छोटी हॅचबॅक 'घरगुती वापरातली' म्हणून माझ्या गळ्यात मारली.

गाडी सहा वर्षांची. मी राहते तिथे, भारताबाहेर, गाडीची पहिली सरकारी तपासणी तिसऱ्या वर्षी, मग दरवर्षी एक. विक्रेत्याने छापून दिलेल्या तक्त्यात तारीख, निकाल आणि मीटरचं रीडिंग असे तीनच रकाने होते. चारही वेळा 'पास'. रीडिंग २१,४००, २९,८००, ३८,१०० आणि ४५,९००. "बघा मॅडम, वर्षाला जेमतेम आठ हजार. ऑफिस आणि घर, बास. मीटर फिरवलेला असता तर कुठेतरी आकडा मागे गेला असता ना?" हा युक्तिवाद तुम्हालाही ऐकवला जाईल. ऐकायला तो बिनतोड वाटतो.

खरेदीनंतर काही आठवड्यांतच चढावर गाडी ओढेना. पाय दाबला की इंजिन ओरडायचं, काटा वर जायचा, वेग मात्र तिथेच. क्लच स्लिप होत होता. दुसरा गिअरही टाकताना करकरायचा, विशेषतः इंजिन थंड असताना. विक्रेता म्हणाला, "क्लच घासणारा पार्ट आहे मॅडम, तो वापरणाऱ्यावर असतो." म्हणजे दोष माझ्या पायाचा.

ओळखीच्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेण्याआधी आतून पाहिली. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पाय ठेवायची जागा असते, तिथल्या मॅटखालचा गालिचा त्याने बोटाने चाचपला आणि विचारलं, "ताई, हा इथे चिकटवलाय कोणी?" कडेने गोंद सुकून पिवळा पडला होता. गालिचा उचलला तर खाली पत्र्यात ओळीने भोकं, प्रत्येकात काळं रबरी बूच दाबलेलं. दोन भोकांभोवती बोल्टच्या वॉशरची गोल खूण अजून चकचकीत होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्यासाठी ब्रेक आणि क्लचची जादा पेडलं बसवतात, त्यांच्या ब्रॅकेटची ही जागा. पेडलं काढली, बुचं मारली, वरून गालिचा चिकटवला.

मग त्याने गाडीतल्या संगणकीय नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. मीटरच्या डिस्प्लेवर ४६ हजारांच्या घरातला आकडा होता. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये मात्र सीटखालच्या कनेक्टरचा एक जुना दोष नोंदलेला होता आणि त्यापुढे, दोष आला तेव्हाचं रीडिंग होतं ५७,३१२. जे अंतर गाडीने अजून कापलंच नव्हतं, तिथे तिला दोष आला होता! डिजिटल मीटरचा आकडा बदलायला डॅशबोर्डखालच्या सॉकेटला एक छोटं यंत्र लावलं तरी बऱ्याच गाड्यांत काम होतं. पण काही गाड्यांत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची युनिट्स आपापल्या नोंदी ठेवतात आणि घाईत काम करणारा त्या पुसायला विसरतो. सगळ्या स्वस्त छोट्या गाड्यांत ही सोय असतेच असं नाही. माझ्या गाडीत होती, इतकंच.

आता चलाखी कुठे होती ते बघा. मीटर मागे घेतला तो पहिल्या तपासणीच्या आधी. त्या तीन वर्षांत गाडीचं रीडिंग कुठल्याही सरकारी नोंदीत चढलेलं नव्हतं. आकडा आधीच २१ हजारांच्या आसपास आणून मग गाडी तपासणीला नेली, आणि त्या दिवसापासून खोट्या आकड्यावर खरा शिक्का बसत गेला. पुढची तीन वर्षं गाडी खरोखरच कमी चालली असावी, त्यामुळे चढ अगदी स्वाभाविक दिसतो. हिशेब केला (५७,३१२ वजा साधारण २१ हजार) तर गाडी दाखवल्यापेक्षा निदान ३६ हजार किलोमीटर जास्त फिरलेली, आणि तेही शिकाऊ हातांखाली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर.

पहिल्या तपासणीपर्यंत कुठेच नोंद नसण्याची ही फट अनेक देशांच्या व्यवस्थेत आहे. ब्रिटनमध्ये पहिली तपासणी साधारण तिसऱ्या वर्षी होते, नंतर दरवर्षी. जर्मनीत तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी. युरोपीय संघाच्या नियमांत तर पहिली तपासणी चौथ्या वर्षापर्यंत लांबवता येते. बेल्जियमने २००६ पासून यावर चांगला तोडगा काढलाय : गाडी कुठल्याही गॅरेजात कामाला गेली की तिथलं रीडिंग मध्यवर्ती नोंदीत कळवावं लागतं, त्यामुळे पहिली वर्षंही कोरी राहत नाहीत. भारतात खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते आणि फिटनेसची तपासणी नूतनीकरणाच्या वेळी होते. म्हणजे तिथे जवळजवळ सगळा काळच कोरा, भरवसा सर्व्हिस रेकॉर्डवर.

विक्रेत्याच्या तक्त्यात नसलेला रकाना मूळ नोंदीत होता : तपासनिसाचे शेरे. गाडी पास करतानाही 'लक्ष ठेवा' म्हणून तो काही गोष्टी लिहून ठेवतो. पहिल्याच तपासणीचे शेरे असे होते : पुढच्या ब्रेक डिस्क झिजलेल्या, काठ चढलेला (म्हणजे मधला भाग झिजून कडेला उंचवटा राहिलेला). फुटपाथच्या बाजूच्या पुढच्या टायरची भिंत घासलेली. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत होत आलेलं.

२१ हजारांत ब्रेकचे पॅड संपले तर मी समजू शकते, पण डिस्कला काठ चढणं आणि पेडलचं रबर गुळगुळीत होत येणं ही त्या आकड्याची लक्षणं नव्हेत. टायर फुटपाथला कोण घासतं, तर पार्किंग शिकणारा. एकेक शेरा वेगळा वाचला तर किरकोळ, तिन्ही एकत्र वाचले तर गाडीचा धंदा कळतो. तक्ता करताना हा रकाना का गाळला असेल, हे निराळं सांगायला नको.

आणि क्लचबद्दल चारही दाखल्यांत अक्षर नाही. नसणारच. ब्रिटनच्या एमओटी तपासणीत (तिथली हीच वार्षिक सरकारी तपासणी) तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती बघितलीच जात नाही, असं अधिकृतपणे सांगितलेलं असतं. बघतात ते ब्रेक, टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, सीटबेल्ट, गंज, धूर. त्या दिवशी गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का, एवढाच प्रश्न. ती पुढची दोन वर्षं खिसा रिकामा करणार का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. छोट्या गाड्यांच्या काही इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो. तो वेळेवर बदलला नाही किंवा चुकीचं तेल घातलं तर रबराचे कण सुटून तेलाची जाळी तुंबते आणि इंजिन बसतं. असं इंजिन आदल्या आठवड्यात तपासणीत बिनबोभाट पास होऊ शकतं. विक्रेते नेमका हा गैरसमज वापरतात : 'पास' म्हणजे 'भरवशाची'.

म्हणून मला आता सलग 'पास'चा संशय येतो असं नाही, पण तो मला पुरत नाही. एखाद्या वर्षी गाडी सस्पेन्शनच्या बुशमुळे (झिजणाऱ्या रबरी जोडामुळे) नापास झाली, आठवड्याने दुरुस्त होऊन पास झाली आणि तो शेरा पुन्हा कधी आला नाही, तर तो मालक खर्च करणारा होता. याउलट 'तेल पाझरतंय' किंवा 'ब्रेकच्या नळीला गंज' हा शेरा तीन वर्षं जसाच्या तसा येत असेल तर मालकाने फक्त पास होण्यापुरती गाडी सांभाळली. अशा मालकाने इंजिन ऑइल वेळेवर बदललं असेल यावर मी पैज लावणार नाही. मॉडेलनुसार नापासांची टक्केवारी छापतात, तिचंही तसंच. त्यात गाडीच्या बनावटीइतकाच मालकांचा हात असतो. स्वस्त गाडी चौथ्या मालकाकडे गेली की तिच्यावर कमी खर्च होतो आणि बदनामी मॉडेलच्या वाट्याला येते.

पहिल्या तपासणीआधीच्या काळासाठी गाडीलाच विचारावं लागतं. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची, मीटर २५ हजारांवर आणि चारही टायर २०१९ चे, तर पहिले चार इतक्या लवकर कुठे गेले, हे विचाराच. सर्व्हिसच्या नोंदी पहिल्या दिवसापासूनच्या मागा, मधल्यापासूनच्या नकोत. गाडी आधी कोणाच्या नावावर आणि कोणत्या वापरासाठी नोंदली होती ते नोंदणीच्या कागदांत मिळतं का पाहा. संस्थेचं नाव दिसलं तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. मॅट तर उचलाच, दोन्ही बाजूंच्या.

तक्रारीचं काय झालं? भोकांचे फोटो, स्कॅनरचा प्रिंट आणि शेऱ्यांसह मूळ नोंद जोडून पाठवल्यावर विक्रेत्याने क्लचचा खर्च दिला. किलोमीटरबद्दल त्याचं म्हणणं एकच : "आम्ही सरकारी आकडा दाखवला, मीटर आम्ही फिरवलेला नाही." कदाचित खरंही असेल, त्याच्याआधी गाडी दोन हातांतून गेली होती. 'घरगुती वापर' हे शब्द तो बोलला होता, पावतीवर मात्र कुठेच नव्हते, आणि तक्रार तिथेच अडली. तुम्ही घेत असाल तर गाडीचा आधीचा वापर आणि मीटरच्या खरेपणाची हमी, दोन्ही पावतीवर सहीनिशी लिहून मागा. लिहायला नकार आला तर आगाऊ रक्कमही देऊ नका.