आठ महिने 5.1 वापरल्यावर: आवाज होता, शब्द कुठे होते?

"काय म्हणाला तो?"

आमच्या घरात टीव्ही चालू असला की दर दोन मिनिटांनी हा प्रश्न यायचा. अण्णांचा. 31 वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर काढलेला माणूस. मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं, तिथं कान शाबूत कसे राहणार? आवाज वाढवला की आई ओरडायची, कमी केला की अण्णा. त्यात नवा टीव्ही आणलेला. चित्र झकास, पण स्पीकर पाठीमागं तोंड करून भिंतीशी बोलणारे.

म्हणून गेल्या दिवाळीत 5.1 सिस्टीम घेतली, म्हणजे पाच स्पीकर आणि नुसता बेस वाजवणारा एक सबवूफर. साउंडबार घ्यावा की वेगळे स्पीकर, यावर पंधरा दिवस गेले. साउंडबार सोपा असतो, एक वायर आणि झालं. पण मला एकच गोष्ट हवी होती: संवादाचा आवाज वेगळा वाढवता यावा. चित्रपटाच्या 5.1 मिक्समध्ये बोलणं बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतं. रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायरचा डबा, असला की तेवढाच स्पीकर 2-3 डेसिबल वर घेता येतो. शिवाय उद्या एक स्पीकर गेला तर एकच बदलायचा. नव्या पेठेतून रिसीव्हर 38,000 ला, पाच स्पीकर आणि 10 इंची सबवूफर मिळून 41,000 ला घेतले. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण पुढं जे रामायण झालं त्यात त्यांचा दोष जवळपास काहीच नाही.

दुकानातला पोरगा येऊन तासाभरात सगळं लावून गेला. टेस्ट टोन वाजवला, पाचही स्पीकरमधून फुसफुस आली, मी खूश. दोन महिने वापरलं. स्फोट दणदणीत, गाणी भरदार, आणि अण्णांचं "काय म्हणाला तो?" जसंच्या तसं. उलट जास्तच. मला वाटलं, आपण 80 हजार पाण्यात घातले.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, पाहुणे आले होते. भोगीच्या दिवशी अण्णांना गुडघ्यांमुळं संमती कट्ट्यापर्यंत जाता आलं नाही, म्हणून तिथला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराच्या योगदंडाचं लग्न, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. त्यात माझा एक मित्र होता, मांडववाल्याकडं साउंड सांभाळणारा. तो पाच मिनिटं गप्प बसला, मग उठून सेंटरला कान लावला.

"हे बंद आहे की बे."

"बंद कसं असेल? टेस्टला वाजलं होतं."

"टेस्टला वाजतंय रे. आत्ता वाजतंय का ते बघ."

मीही कान लावला. शांत. मागच्या दोघांना लावला, तेही शांत. ज्या स्पीकरसाठी एवढा खटाटोप केला तो दोन महिने नुसता शोभेला होता! टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वर होतं. एचडीएमआय एआरसीवरून, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडं नेणाऱ्या वायरीवरून, पीसीएम पाठवलं की दोनच चॅनल जातात, पिक्चर 5.1 चा असला तरी. आणि रिसीव्हरही 'स्टिरिओ' मोडमध्ये, म्हणजे दोन आले, दोनच वाजवले. टीव्हीत 'पास-थ्रू', म्हणजे आवाज जसा आला तसा पुढं, केलं, आणि ओटीटीवरचा पिक्चर लावताच रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बी डिजिटल प्लस, हा ओटीटीच्या 5.1 आवाजाचा प्रकार, उमटलं. एवढंच.

इथं एक गोष्ट नवीन घेणाऱ्यांसाठी. एआरसी 2009 पासून एचडीएमआय 1.4 बरोबर आलं. त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जातं, ओटीटीला ते पुरतं. त्याचीच पुढची आवृत्ती ईएआरसी 2017 ला एचडीएमआय 2.1 बरोबर आली, त्यातून ब्ल्यू-रेवरचा काहीही न गाळलेला (लॉसलेस) आवाजही जातो. तुम्ही ब्ल्यू-रे बघत नसाल तर नुसत्या ईएआरसीसाठी महागडा टीव्ही घेऊ नका. ऑप्टिकल वायर मात्र टाळा. तिच्यातून साधं डॉल्बी डिजिटल जातं, प्लस जात नाही.

बातम्या आणि मालिका मुळातच दोन चॅनलच्या असतात, त्यांचं काय? त्यासाठी रिसीव्हरमध्ये 'डॉल्बी सराउंड' मोड आहे. डाव्या-उजव्यात जे सारखं असतं, म्हणजे बहुधा बोलणं, ते तो सेंटरला ओढून आणतो. आमच्याकडं आता तो कायम चालू असतो.

तरी आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं, बेसही पोकळ. मित्रानं सगळी वायर काढायला लावली. दुकानदारानं दिलेली वायर बारीक, दोन्ही पदर एकाच रंगाचे, एकावर फक्त एक रेघ. मित्रानं रिसीव्हरकडचं टोक सोडवलं, घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेतला आणि टोकांना क्षणभर टेकवला. सेलचं अधिक रिसीव्हरच्या लाल खाचेतून काढलेल्या टोकाला असेल तर कोन बाहेर यायला हवा. उजव्या स्पीकरचा 'टप्प' करून बाहेर आला. डाव्याचा आत गेला. म्हणजे एक स्पीकर हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि मधल्या मध्ये बेस मरत होता. मग ब्लेडनं तार खरवडली तर तांबड्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. तांब्यापेक्षा त्याचा रोध जास्त. आठ-दहा फुटाला चालून गेलं असतं, पण मागच्या स्पीकरपर्यंत भिंतीकडेनं 40 फूट होतात. 16 गेजची अस्सल तांब्याची वायर आणली, टोकांना सहज खोचता येणारे बनाना प्लग लावले. 80 हजारांच्या सामानात ही दोन-अडीच हजारांची वायर मी आधी काटकसरीत काढली होती.

सबवूफरमधून सतत येणारी घुंई मात्र वेगळ्याच कारणानं होती. केबलची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली की बंद, लावली की चालू. अर्थिंगचा फेरा, म्हणजे दोन वायरींच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. तो तोडणारा आयसोलेटर लावला, घुंई गेली.

एप्रिलात रिसीव्हर मध्येच बंद पडायला लागला. बाहेर 42, आणि तो काचेच्या दाराच्या कपाटात कोंडलेला. तक्रार करायला फोन उचलला होता, तेवढ्यात वर हात ठेवला तर चटका. ॲम्प्लिफायर तापतोच, त्याला डोक्यावर मोकळी जागा लागते. दार काढून टाकलं, बंद पडणं थांबलं. आईनं मात्र काढलेलं दार अजून दाराआड जपून ठेवलंय, "शोकेसची शोभा गेली" म्हणत.

कपाट हलवलंच होतं म्हणून खोलीही हाती घेतली. आमची बैठक 15 बाय 12. खाली टाइल्स, भिंती मोकळ्या, टाळी वाजवली तर 'टर्रर्र' असा पडसाद. सोफ्यामागच्या भिंतीवर घरातली जाड सोलापुरी चादर चुण्या पाडून, भिंतीपासून चार बोटं पुढं टांगली. वरच्या पट्टीतला कलकलाट कमी झाला. बेसवर तिचा काडीचा परिणाम नाही, ते चादरीचं काम नव्हे. 15 फूट लांबीच्या खोलीत साधारण 37 हर्ट्झला बेस फुगतो आणि भिंतीला चिकटून बसलं की तो जास्तच ऐकू येतो. म्हणून सोफा दीड फूट पुढं घेतला. मागचा केर कोण काढणार, यावर वाद झाला. आता मी काढतो. सेंटर शेल्फात आत ढकललेला होता, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. तो कडेला आणला आणि पुढच्या बाजूनं खाली दाराचे रबरी ठोकळे सरकवून तोंड वर, अण्णांच्या दिशेनं केलं. सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फरक पाडणारे हेच दोन ठोकळे.

मग माइकनं कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीप्रमाणे स्पीकरची जुळणी. खोलीत आवाज नको म्हणून भर दुपारी पंखा बंद, घामाच्या धारा. रिसीव्हरनं समोरचे स्पीकर 'लार्ज', म्हणजे बेसही स्वतःच वाजवणारे, ठरवले. ते 'स्मॉल' करून 80 हर्ट्झखालचं काम सबवूफरला दिलं. सेंटर +4 डेसिबल.

त्याच दिवशी फोनवरून खालच्या पट्टीतून हळूहळू वर चढत जाणारा एक टोन वाजवत होतो. अण्णा शेजारी बसले होते. सूर तीन हजार हर्ट्झच्या पुढं गेला आणि ते म्हणाले, "बंद पडलं बघ."

बंद पडलं नव्हतं. माझ्या चांगलं कानात शिरत होतं.

मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची रेघ 4000 हर्ट्झला खड्ड्यात गेलेली. गोंगाटात वर्षं काढलेल्या माणसाचं ऐकणं आधी तिथंच जातं. स, श, त, क असली व्यंजनं वरच्या पट्टीतली; ती गेली की आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाही. म्हणून तर ते कधी "ऐकू येत नाही" म्हणालेच नाहीत. कायम "काय म्हणाला?" असंच विचारायचे.

आता हिशेब सांगायचा तर: रिसीव्हर चांगला, पण मेनू किचकट. सबवूफर खालच्या मजल्यावरच्यांमुळं रात्री नऊनंतर बंद. मागच्या स्पीकरविना माझं चाललं असतं, त्याऐवजी सेंटर मोठा घेतला असता. सात स्पीकर, छतातले स्पीकर यांच्या नादाला या खोलीत मी लागणार नाही.

गेल्या महिन्यात अण्णांचं कानाचं मशीन आलं. सेंटर +4 वरून +1 वर आणलाय. पहिल्या रात्री जेवताना त्यांनी कडक भाकरी मोडली, थांबले, हातातला तुकडा बघितला आणि पुन्हा एकदा मोडला.

"एवढी वाजते होय ही?"