इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी एमबीए की सीएफए?

रत्नागिरीत नुकतीच फायनान्सची पदवी घेतलेल्या एका विद्यार्थिनीपुढे हा पेच आहे. इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारणीत व विलीनीकरणात मदत करण्याचे काम. खर्च पाहिला, तर आघाडीच्या आयआयएममधील दोन वर्षांच्या एमबीएचे शुल्क २० लाखांच्या पुढे जाते. सीएफएच्या (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट या परीक्षेच्या) तिन्ही पातळ्यांचे शुल्क डॉलरमध्ये असले तरी त्याहून पुष्कळ कमी पडते आणि अभ्यास घरी राहून, नोकरी सांभाळून करता येतो.

या क्षेत्रात शिरण्याच्या संधीत मात्र मोठा फरक आहे. मोठ्या बँका ठरावीक संस्थांच्या कॅम्पसवरच बरीचशी निवड करतात, आणि सीएफए कितीही कठीण असली तरी तिचा भर पोर्टफोलिओ व्यवस्थापन व समभाग संशोधनावर असल्याने, विलीनीकरणाच्या व्यवहारांत रोज लागणारे एक्सेलमधील मूल्यांकनाचे काम वेगळे शिकावेच लागते. शिवाय चार्टरसाठी, म्हणजे सीएफए ही उपाधी मिळण्यासाठी, ४,००० तासांचा संबंधित अनुभव हवा, हे क्लासच्या जाहिरातींत ठळकपणे दिसत नाही.

कॅटमध्ये (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेत) अव्वल गुणांची खरी शक्यता आणि कर्ज पेलण्याची तयारी असणाऱ्याने एमबीए निवडावे. ज्याला लगेच कमवायचे आहे, त्याने सीएफएची पहिली पातळी देत मुंबईतील एखाद्या लहान सल्लागार कंपनीत इंटर्नशिप शोधावी. कर्ज काढून सामान्य संस्थेत एमबीए करणे मात्र, माझ्या ठाम मते, या क्षेत्रासाठी कोणीच पत्करू नये.