डबी चांगली, पण आधी काळा रंग ठीक करा

जुने गेम कन्सोल, निन्टेंडोचा एनईएस आणि सेगाचा मेगा ड्राइव्ह, नव्या टीव्हीला जोडायला ही एचडीएमआय कन्व्हर्टरची डबी घेतली. तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून कंपनीचं नाव घेत नाही.

पहिल्याच संध्याकाळी हिरमुसलो. मारिओ भुयारात उतरला की मागे काळाकुट्ट अंधार हवा, तिथे धुऊन विटलेल्या शर्टासारखा करडा रंग. दोन दिवस मी डबीलाच शिव्या घातल्या. नंतर कळलं की डबी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 16 ते 235 ची रेंज पाठवत होती आणि टीव्ही 0 ते 255 धरून बसला होता. त्यामुळे 16 वरचा काळा करडा दिसायचा. टीव्हीत आरजीबी रेंज 'लिमिटेड' केली, 'व्हिविड' मोड बंद केला आणि अंधार परतला. डबीसोबतच्या माहितीपत्रकात याबद्दल चकार शब्द नाही.

मग मारिओमधल्या आकाशाच्या रंगावरून दादाशी वाजलं. तो म्हणे निळं, मला आठवतं जांभळट. एनईएसमधली चिप आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) देतच नाही, थेट कंपोझिट सिग्नल (सगळं एकाच तारेत मिसळलेलं) बनवते. त्याचा रंग कसा लावायचा हे ज्याचा त्याचा टीव्ही ठरवायचा. म्हणजे एकच असा 'खरा' रंग नाहीच. डबीतलं ह्यू (रंगछटेचं सेटिंग) तीन घरं सरकवल्यावर दोघंही गप्प झालो.

मेगा ड्राइव्हला आरजीबी केबल लावली, तिथे काहीच करावं लागलं नाही. पण सॉनिकमधला (1991) धबधबा उभ्या रेघांचा दिसायला लागला! त्या रेघा मुळातच तशा काढलेल्या आहेत, कंपोझिटच्या अस्पष्टपणात मिसळून त्यांचं पारदर्शक पाणी होतं. चित्र जितकं स्वच्छ, तितकी फसवणूक उघडी. त्या एका गेमपुरती मी जुनी पिवळी कंपोझिट केबलच लावतो, हसायचं तर हसा.

जुन्या कन्सोलचा 240पी (240 ओळींचा) सिग्नल डबी नीट ओळखते, चित्र थरथरत नाही. यासाठी तिला पूर्ण गुण.

राग एकाच गोष्टीचा: वीज बंद झाली की सेटिंग पुसलं जातं. प्रत्येक कन्सोलचं वेगळं साठवायची सोय तर नाहीच. शेवटी आकडे कागदावर लिहून डबीखाली चिकटवलेत. ह्यूचा आकडा दादाने पेन्सिलीने खोडून बदललाय.