जुनं शेत आणि न नांगरलेलं रान: आक्रमक तणांचा बंदोबस्त

कसणं सोडलेलं जुनं शेत असो की कधीच न नांगरलेलं रान, वरून दोन्हीकडे सारखंच तण माजलेलं दिसतं. फरक कळतो तो खड्डा खणल्यावर. जुन्या शेतात साधारण 20 सेंटिमीटरपर्यंत माती एकाच रंगाची असते आणि खाली नांगराच्या तळाने दाबून घट्ट झालेला थर लागतो. मुळं तिथे आडवी वळतात. रानात काळसर माती हळूहळू फिकट होत जाते, जुन्या मुळांच्या वाटा शाबूत असतात.

जुन्या शेतात खतातलं स्फुरद (फॉस्फरस) तर दशकानुदशकं टिकतं. फ्रान्समध्ये रोमन काळात कसलेल्या जागेवरच्या जंगलात आजही ते जास्त सापडतं! अशा मातीत झपाट्याने वाढणारी आक्रमक झाडं चांगलीच पोसतात, आणि स्थानिक झाडांचं बी मात्र फारसं उरलेलं नसतं.

म्हणून रानात माती फार न उकरता तण मुळासकट काढलं, की स्थानिक रोपं बरेचदा आपसूक वर येतात. जुन्या शेतात नुसतं उपटून भागत नाही, रिकाम्या जागेत दुसरं तण शिरतं. तिथे स्थानिक बी पेरायलाच हवं, कापलेला पालाही बाहेर न्यायला हवा, म्हणजे त्यातलं स्फुरद परत मातीत जात नाही. माणसं कमी असतील तर माझ्या मते आधी रान हाती घ्यावं.