झँथन गम: केकच्या दुकानातला की कॉस्मेटिकवाला?

पुण्यात झँथन गम, म्हणजे पाणी दाट करणारी पूड, दोन ठिकाणी मिळतो: केकचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत आणि साबण-क्रीमचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे. घरगुती लोशन, क्रीम किंवा दुधाळ फेसवॉशसाठी केकवालाही उत्तम चालतो. फक्त पाकिटावर स्टार्च किंवा दुसरा गम मिसळलेला नाही ना, एवढं वाचून घ्या. त्याचं जेल मात्र भाताच्या पेजेसारखं धुरकट दिसतं. काचेसारखं स्वच्छ जेल हवं असेल तरच पारदर्शक ग्रेडचे जादा पैसे मोजावेत.

दुकानदाराला मेश, म्हणजे पूड किती बारीक आहे हे सांगणारा चाळणीचा आकडा, जरूर विचारा. ८० मेशची पूड जाडसर; ती पाण्यात सहज पसरते, पण फुगायला वेळ घेते. २०० मेशची मैद्यासारखी बारीक. लवकर घट्ट होते आणि तितक्याच लवकर गुठळ्या धरते. नवशिक्यांनी ८०चीच घ्यावी.

‘गम खराब निघाला’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा पूड थेट पाण्यात टाकलेली असते. गुठळी बोटाने चिरडून पाहा: वरून चिकट साय, आत कोरडी पांढरी पूड. वरचा थर क्षणात फुगतो आणि पाण्याची वाटच बंद करतो. मग कितीही घोटा, ती सुटत नाही.

१०० ग्रॅम जेलसाठी ०.६ ग्रॅम गम आधी ४ ग्रॅम ग्लिसरीनमध्ये कालवा. त्यावर ९४.४ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी हळूहळू ओतत चमच्याने ढवळा. गरम करायची गरज नाही. मिक्सर लावला तर अडकलेले बुडबुडे दिवसभर हटत नाहीत. अर्धा तास झाकून ठेवा, मग १ ग्रॅम फिनॉक्सीइथेनॉलवालं प्रिझर्वेटिव्ह घाला. ते टाळू नका. नैसर्गिक गमाच्या पाण्यात बुरशी चटकन धरते. ०.६ ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही, त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटाच हवा.

१ टक्क्याच्या वर गेलात की भेंडीसारखी तार सुटते, आणि वर सनस्क्रीन चोळलं की खोडरबराच्या चुऱ्यासारखे कण निघतात. हा या गमाचा खरा दोष. ०.३ टक्के झँथन आणि तेवढाच ग्वार गम घेतला तर दाटपणा टिकून बुळबुळ कमी होते. ग्वार गवारीच्या बियांचा, त्यामुळे थोडा कडधान्याचा वास येतो. बिनवासाच्या सीरममध्ये तो जाणवेल.

बीटीएमएस (केस मऊ करणारा घटक) घातलेल्या केसांच्या कंडिशनरमध्ये झँथन अजिबात नको. झँथनवर ऋण भार, बीटीएमएसवर धन. दोघं एकत्र आले की फाटलेल्या दुधासारखे गोळे होतात. तिथे हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज घ्या, त्यावर भारच नसतो.

पाकीट १०० ग्रॅमचंच घ्या, त्यात दीडशेवर बाटल्या होतात. पावसाळ्यात ते घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि ओला चमचा आत घालू नका.