लीजवर लक्झरी एसयूव्ही: पेट्रोल घ्यायची की प्लग-इन हायब्रिड, नाशिकच्या हिशोबाने

गाडी लीजवर, म्हणजे विकत न घेता काही वर्षांच्या भाड्याने, घ्यायची हे ठरलंय, बजेट कोटीच्या आसपास आहे आणि घोडं अडलंय ते पेट्रोल की प्लग-इन इथे, तर ब्रोशर जरा बाजूला ठेवा आणि आधी दोनच गोष्टी बघा. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि आठवड्यात मुंबई किती वेळा होते. माझ्या मते नाशिककराचा निम्मा निकाल इथेच लागतो.

आधी एक घोळ मिटवूया, कारण शोरूममध्ये सगळ्यालाच हायब्रिड म्हणतात. बीएमडब्ल्यू एक्स५ ची पेट्रोल किंवा मर्सिडीज जीएलई ४५० घेतली तर ती ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड, म्हणजे गाडी शेवटी पेट्रोलवरच चालते, मोटर नुसता हातभार लावते. लेक्ससची एनएक्स ३५०एच किंवा आरएक्स ३५०एच ही स्ट्राँग हायब्रिड, ती स्वतःच बॅटरी भरते, ट्रॅफिकमध्ये बराच वेळ इंजिन बंद ठेवते पण तिला प्लग नाही. आणि प्लग-इन म्हणजे मोठी बॅटरी, घरी रात्री चार्ज करायची, नुसत्या विजेवर ५०-६० किलोमीटर आरामात जाते, संपली की पेट्रोल इंजिन आहेच.

आता प्रॉब्लेम असा आहे की परदेशात एक्स५, जीएलई, एक्ससी९० तिघींच्याही प्लग-इन मिळतात, आपल्याकडे मात्र बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज या गाड्या पेट्रोल-डिझेलमध्ये विकतात आणि व्होल्वोने एक्ससी९० ची प्लग-इन पूर्वी इथे विकली होती पण २०२५ ची नवी एक्ससी९० माइल्ड हायब्रिडच आणली. बीएमडब्ल्यू एक्सएम प्लग-इन आहे, पण ती डिसेंबर २०२२ ला आली तेव्हाच एक्स-शोरूम २ कोटी ६० लाख होती. म्हणजे कोटीच्या बजेटमध्ये प्लग-इनला चॉइसच फार कमी, आणि जे मिळतं ते इम्पोर्ट होऊन महाग पडतं, त्याउलट जीएलई चाकणला बनते, एक्स५ चेन्नईला, म्हणून त्यांची किंमतही आटोक्यात आणि पार्टही लवकर मिळतात.

त्यात टॅक्सचा फायदाही गेला. पूर्वी मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के लागायचे आणि मोठ्या हायब्रिडवर ४३, तो सात टक्क्यांचा फरक मोठा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीवर सरळ ४० टक्के. ५ टक्के फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला. तेव्हा कोणी जुन्या माहितीवर टॅक्स वाचतो म्हणून प्लग-इन गळ्यात मारत असेल तर तिथेच थांबवा.

आता पैशाचं बघू, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा तुम्ही गंगापूर रोडला राहता, फॅक्टरी अंबडला, मधे मुलांची शाळा, क्लास, कॉलेज रोड, असं धरून दिवसाला ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १००० किलोमीटर. मोठी पेट्रोल एसयूव्ही शहरात साडेसातचं अ‍ॅव्हरेज देईल असं धरलं आणि पेट्रोल १०४ रुपये, तर महिन्याला साधारण १४ हजार. हेच प्लग-इनवर रोज १३ युनिट धरा, चार्जिंगमध्ये वाया जाते ती वीज धरून, आणि महावितरणचा दर युनिटला १५ रुपये धरला तर पाच हजाराच्या आत. महिन्याला ९ हजार वाचले. बंगल्यावर ३ किलोवॅटचं सोलर असेल तर ते दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतं, मग बचत अजून वाढते.

पण आता लीजचं गणित लावा. गाडी १० लाखांनी महाग असेल आणि तीन वर्षांत निम्मी किंमत उतरली असं धरलं, तर ५ लाख भागिले ३६ म्हणजे १४ हजार, वर त्या पैशाचं व्याज ५-६ हजार, म्हणजे दर १० लाख जादा किमतीमागे भाडं महिन्याला २० हजाराने वाढतं, आणि त्याच्यावर जीएसटी वेगळा, तोही गाडीच्याच दराने. म्हणून माझं स्पष्ट मत, प्लग-इन तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ३-४ लाखांच्या वर महाग असेल तर वाचलेल्या पेट्रोलमधून तो फरक निघत नाही. लोक पेट्रोलचं बिल बघतात कारण ते दर आठवड्याला दिसतं, भाडं बँकेतून गुपचूप जातं.

प्लग-इनला लीजवर एक फायदा मात्र खरा आहे. तीन-चार वर्षांनी जुनी बॅटरी असलेली गाडी कोण घेणार ही काळजी तुमची नाही, लीज कंपनीची, आणि बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी देतात त्यामुळे तुमचा काळ त्यातच संपतो. फक्त लीज कंपनीलाही हे कळतं, ती रेसिड्युअल, म्हणजे लीज संपताना गाडीची उरणारी किंमत, कमी धरते आणि भाडं वर जातं, म्हणून कोटेशनमध्ये दोन्ही गाड्यांची रेसिड्युअल व्हॅल्यू किती टक्के धरलीय ते लेखी मागा.

आता मुंबई. नाशिक-मुंबई १७० किलोमीटरच्या आसपास, जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो आणि गाडी एका स्पीडला निवांत पळते. निवांत पळणं हे पेट्रोल इंजिनचं काम. १२० च्या स्पीडला बॅटरी भराभर उतरते आणि मग दोन-तीनशे किलो जादा वजन घेऊन तुम्ही पेट्रोलच जाळत राहता. प्लग-इन असेल तर हायवेला होल्ड मोडवर, म्हणजे बॅटरी न वापरता, टाकून चार्ज ठाण्याच्या पुढच्या ट्रॅफिकसाठी राखावा, तिथे ती खरंच सुंदर चालते, आवाज नाही, झटका नाही. पुण्याला जातानाही तेच, सिन्नरपासून संगमनेरपर्यंत तिचा काही उपयोग नाही, चाकणच्या जॅममध्ये आहे.

आणि चार्ज केलीच नाही तर सगळंच फुकट. युरोपियन कमिशनने २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांचा रस्त्यावरचा खरा डेटा तपासून २०२४ ला रिपोर्ट दिला, त्यात प्लग-इनचं उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं, साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं साधारण २० टक्केच जास्त. कारण हेच की लोक धरलं होतं तेवढं प्लग लावत नाहीत. गाडी ड्रायव्हर चालवणार आणि पेट्रोल कंपनीच्या कार्डवर भरणार असेल तर रात्री केबल लावायची आठवण कोणाला राहणार सांगा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची परवानगी आणि मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायरिंग झाल्याशिवाय सहीच करू नका.

सामानाचंही बघून घ्या, बॅटरी डिकीखाली बसते त्यामुळे कितीतरी प्लग-इनमध्ये डिकी लहान होते, स्टेपनी जाते किंवा तिसरी रांग जाते, आणि आई-बाबांना घेऊन सहा-सात जण वणीला जाणाऱ्या घरात हे चालत नाही. तिथे एक्ससी९० पेट्रोल बरी.

मला विचाराल तर आठवड्यातून एकदा तरी मुंबई-पुणे असेल तर डोळे झाकून पेट्रोल. सगळं फिरणं शहरात, सिंहस्थाच्या कामांमुळे जागोजागी तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये, पण घरी प्लगची सोय नाही, तर लेक्ससची स्ट्राँग हायब्रिड. प्लग-इन फक्त बंगला, सोलर, रोज शहरातलंच फिरणं आणि बजेट दोन कोटींच्या वर असलेल्यांनी बघावी, त्यांना शांत गाडीचं सुख मिळेल, बचतीच्या नावाखाली घेऊ नये.

कुठलीही घ्या, करारात किलोमीटरची मर्यादा बघा. आठवड्याला एक मुंबई म्हणजे वर्षाला साडेसतरा हजार किलोमीटर तिथेच गेले, आणि मर्यादा १५ हजार असेल तर वरच्या प्रत्येक किलोमीटरला पैसे. बिझनेसच्या नावावर घेताय तर भाडं खर्चात धरता येतं पण भाड्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मुळे मिळत नाही, सीएला आधीच विचारा. आणि आरसी कोणाच्या नावावर होणार ते नक्की करा, महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे आणि कंपनीच्या नावावर २०, आणि तो फरक शेवटी तुमच्याच भाड्यात येतो.